पोरं मोठी झाली, आता वेळापत्रक त्यांच्या हातात दे

खरं सांगू का, तू दमली आहेस ती शिकवून नाही. पोरं लहान होती तेव्हा तू याच्या दुप्पट शिकवायचीस आणि तरी दुपारी तासभर आडवी व्हायचीस. आता मोठा पंधराचा, धाकटी तेराची, दोघंही आपलं आपण वाचून समजून घेणारी, आणि तू मात्र पहाटेपासून त्यांच्या मागे. उठवायचं, प्रार्थनेला बसवायचं, पुस्तक उघडायला लावायचं, तबल्याच्या क्लासला सोडायचं, मैदानावरून आणायचं. शनिवारी गायनाचा सराव, रविवारी उपासना, मग संडे स्कूल, मग तरुण संघ. मध्ये स्वयंपाक, मध्ये सासूबाईंची औषधं. अगं, ही कामं काही कमी होणार नाहीत. पण कुठलं काम कधी आणि कुणाचं, हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात का? तुला दमवतंय ते हे.

म्हणून आधी एक सांगते, मग बाकीचं. मुलं तेरा-चौदाची झाली की घरच्या शाळेचा कारभार त्यांच्याकडे द्यायचा. एका दिवसात नाही, पण द्यायचाच. तू आपल्याकडे दोन गोष्टी ठेव: सगळ्यांनी एकत्र जेवायची एक वेळ आणि कुटुंबाची प्रार्थना. गणित कधी, इतिहास कधी, क्लासला बसनं जायचं की सायकलनं, हे त्यांनी ठरवायचं आणि रविवारी रात्री तुला कागदावर लिहून दाखवायचं. चुकतील. चुकू दे. पंधराव्या वर्षी आईच्या नजरेसमोर एखादा आठवडा वाया गेला तर काही बिघडत नाही. दिवसाची घडी बसवायला तो वसतिगृहात गेल्यावर शिकायला लागला तर मात्र फार महागात पडतं. तू फक्त बुधवारी एकदा विचार, "कुठवर आलं?" आणि उत्तर ऐकून गप्प बस. गप्प बसणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण तुला जमेल.

आता ते सकाळचं भांडण. मुलगा आळशी झालाय असं तुला वाटतं. नाही गं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, आणि झोप तर आठ ते दहा तास लागतेच. शाळेत जाणाऱ्या मुलांना इलाज नसतो, त्यांची बस सातला येते. आपल्या मुलांना ही मोकळीक आहे, तर ती वापरायची सोडून आपणच घरात सातची घंटा का वाजवायची? आठला उठू दे. नऊला टेबलाशी बसला म्हणजे झालं.

पहाटेच्या प्रार्थनेचं एक चित्र तुझ्या मनात आहे, ते मी जाणते. आपल्या आज्या चूल पेटवायच्या आधी गुडघे टेकायच्या. ती पहाटेची प्रार्थना तुझी तू कर, एकटीनं, शांतपणे. कुटुंबाची मात्र रात्रीवर ने, जेवणं होऊन ओटा आवरला की. त्या वेळी या वयाची मुलं खरी जागी असतात आणि बोलायलाही लागतात. दोन दिवस मोठ्यानं चालवायची, दोन दिवस धाकटीनं, उतारा त्यांनीच निवडायचा. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, तेव्हा महिन्याची जी तारीख तो अध्याय, असं आमच्याकडे कितीतरी दिवस चाललं. मार्काचं शुभवर्तमान चारांत सगळ्यात लहान, सोळाच अध्यायांचं. त्याचा वेग या वयाला मानवतो. गाणं एकच, 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं. मोठा तबला शिकतोय ना, मग वाजवू दे त्याला. रेव्हरंड टिळकांनी आपल्याला अभंग-भजनांच्या वळणाची पदं देऊन ठेवली आहेत, त्यांना तबल्याची साथ किती शोभते बघ. सगळं मिळून पंधरा मिनिटं. तेवढी पुरतात.

आता परीक्षेचं. तुला जे दडपण आलंय ना, त्यातलं निम्मं माहिती नसल्याचं आहे, म्हणून नीट ऐक. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही केंद्र सरकारची, १९८९ साली स्थापन झालेली, आणि तिचं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र इतर मंडळांसारखंच मान्य आहे. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. उत्तीर्ण व्हायला पाच विषय, त्यांत एक तरी भाषा. मराठी घेता येते. गणित-विज्ञानाच्या जोडीला चित्रकला, गृहविज्ञान असेही विषय मिळतात. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी असतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही, हे तर तू भिंतीवर लिहून ठेव. घरी लिहायचा गृहपाठ, ज्याला सगळे टीएमए म्हणतात, त्याला वीस टक्के गुण असतात; तो शेवटच्या रात्री उरकायचा नाही. आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिक अभ्यासकेंद्रावर लेखी परीक्षेच्या आधी होतं, तेव्हा केंद्र निवडताना तिथली प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघ. घरापासून जवळ आहे एवढ्यावर केंद्र ठरवू नकोस.

गणित न घेताही दहावी होता येतं. तुझी धाकटी हे ऐकल्याबरोबर गणित सोडायला निघेल. मी म्हणते, सोडू देऊ नकोस. तेराव्या वर्षीच्या कंटाळ्यापायी पुढची किती दारं बंद होतात हे तिला आज दिसणार नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही नाही. कारभार त्यांच्या हातात दे म्हटलं, पण हे एक तूच ठरव.

आता आपल्या ख्रिस्ती घराची एक वेगळी अडचण सांगते, जी अभ्यासकेंद्रावर तुला कुणी सांगणार नाही. या परीक्षा आपल्या उपासनेच्या वर्षाला अगदी भिडून येतात. ईस्टर दरवर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. म्हणजे झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी सात उद्गारांवरची ती तीन तासांची उपासना, पुनरुत्थानाच्या दिवसाची पहाट, हे सगळं एप्रिलच्या परीक्षेच्या तोंडावर. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा संपते न संपते तोच आगमनकाळ लागतो. नाटकाच्या तालमी, घरोघर कॅरलच्या फेऱ्या, चांदणी टांगायची, करंज्या-चकल्या तळायच्या. मुलगा गायनात, मुलगी नाटकात, आणि तू सगळीकडे.

यावर मला पटलेला उपाय असा. जून ते सप्टेंबर हा आपल्या मंडळीतला त्यातल्या त्यात शांत काळ, पाऊसही बाहेर पडू देत नाही. जड विषय, गणित आणि विज्ञान, त्या चार महिन्यांत घे आणि ऑक्टोबरला दे. उरलेले तीन एप्रिलला. भाषा आणि सामाजिक शास्त्रं उपासनेच्या धामधुमीतही थोडंथोडं वाचता येतं. गणिताला मात्र सलग दिवस लागतात. फक्त पहिली परीक्षा कुठली मिळणार हे प्रवेश कोणत्या महिन्यात घेतला त्यावर असतं, तेव्हा फॉर्म भरण्याआधी ते विचारून घे. आणि मोठ्याला अकरावीला कॉलेजात जायचं असेल तर निकालाची वेळ आणि प्रवेशाची वेळ यांचा मेळ बसतो ना, तेही बघ. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. तारखा कुणासाठी थांबत नाहीत. तो कॉलेजात गेला तर तुझी घरची शाळा फसली असं मुळीच नाही, बरं का. आपण मुलांना घरी शिकवलं ते कायम घरी ठेवायला थोडंच?

राज्य मंडळाचीच दहावी हवी असा तुझ्या नवऱ्याचा हट्ट असेल, तर खाजगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. त्याला जुन्या शाळेचा दाखला लागतो. तो दाखला या क्षणी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे का? नसेल तर आधी शोध. धाकटीचंही सांगून ठेवते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, सहा ते चौदा या वयासाठी, आणि मुलांना शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य असं तो म्हणतो. घरी शिकवण्याची सोय त्यात वेगळी लिहिलेली नाही. म्हणून तिच्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी, चित्रं, सगळं तारखेनिशी फाईलला लाव. कुणी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी हवं. घाबरायचं नाही, पण व्यवस्थित राहायचं.

सासूबाई बोलतात ते तुला लागतं. महिला मंडळातल्या बायकाही विचारतात, "अजून घरीच का गं पोरं?" बघ, त्यांच्यावर चिडण्याआधी एक गोष्ट मनात आण. आपल्या समाजाला शाळेनं वर काढलंय. नगरला मिशनच्या सिंथिया फेरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं शिक्षण त्यांच्याकडे घेतलं. गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांतल्या मुली मिशनच्या शाळांतून शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, बायबलबाई म्हणून गावोगाव फिरल्या. ज्या बाईच्या घराण्याला शाळेच्या दारातून माणूसपण मिळालं, तिच्या नातवाला सुनेनं शाळेतून काढलं, तर तिच्या पोटात खड्डा पडणारच. तो राग नाही गं, भीती आहे. त्या भीतीचा मान ठेव.

आणि मग त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण दे. रमाबाई शाळेत शिकलेल्या नव्हेत. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं, रानातल्या आश्रमात आणि तीर्थयात्रेच्या वाटेवर. त्या आईला शिकवलं होतं तिच्या नवऱ्यानं, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, जातभाईंचा रोष पत्करून. १८७८ साली कलकत्त्यात त्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, तेव्हा ती अवघी विशीची होती. पुढे ख्रिस्ती झाल्यावर घरी शिकलेल्या याच बाईनं १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, मग केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. घर आणि शाळा यांचं वैर त्यांच्या आयुष्यात कुठे दिसत नाही. सासूबाईंना हे नुसतं ऐकवू नकोस, त्यांना कामाला लाव. दुपारचा अर्धा तास धाकटीनं त्यांना शास्त्र वाचून दाखवायचं आणि त्यांनी उच्चार सुधारायचे. जुन्या गाण्यांच्या चाली त्यांच्या गळ्यात आहेत, त्या नातवाला शिकवू देत. मुलांना आजी मिळेल आणि तुला अर्धा तास.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या पुढच्या गोष्टीवर. गेल्या महिन्यात मोठा म्हणाला, "मला आज उपासनेला यायचं नाही, मला हे सगळं पटतंच असं नाही." आणि तू रात्रभर रडलीस. अगं, त्यानं ते तुला सांगितलं ना? तुझ्या तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. त्याला तुझ्याजवळ सुरक्षित वाटतं, म्हणूनच तो बोलला. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईबापांना न सांगता यरुशलेमेत मागे राहिला. तीन दिवस शोधल्यावर सापडला तो मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. मरीयेनं त्याला जाब विचारलाच, आणि त्याचं उत्तर तिला त्या वेळी कळलंही नाही. तरी तिनं ते सगळं मनात जपून ठेवलं. मुलाचं बोलणं कळलं नाही तर आईनं काय करावं, हे मी तिथून शिकले.

आपल्या घरांत एक खास धोका असतो. शिकवणारी आई, प्रार्थना घेणारी आई, संडे स्कूलची शिक्षिका पुन्हा आईच. मुलाला देवाबद्दल शंका आली तर ती विचारायला दुसरं माणूस कोण? आणि शास्त्र हाही एक विषय होऊन बसतो, गणितासारखा, ज्यात आई बरोबर-चूक करते. तसं होऊ देऊ नकोस. शास्त्राला गुण नाहीत, परीक्षा नाही, पाठांतराची बक्षिसं घरात तरी नाहीत. उद्या जीवशास्त्रात उत्क्रांती येईल आणि तो उत्पत्तीच्या पुस्तकाबद्दल विचारेल. धडा गाळू नकोस. दोन्ही पुस्तकं समोर ठेवून त्याच्याबरोबर वाच, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. मंडळीतला एखादा जाणता माणूस शोध, डॉक्टर असेल, प्राध्यापक असेल, तुझा भाऊ असेल, पाळकसाहेब तरुण आणि ऐकून घेणारे असतील तर तेही. महिन्यातून एकदा त्याला त्यांच्याबरोबर चहाला जाऊ दे. काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. खरंच विचारायचं नाही.

धाकटीच्या दृढीकरणाचंही तसंच. बरोबरीच्या मैत्रिणींचं या वर्षी होतंय म्हणून तिचंही उरकायचं, पांढरा फ्रॉक शिवायला टाकायचा, हे नको. तिला विचार. ती म्हणाली पुढच्या वर्षी, तर पुढच्या वर्षी. थोमाला प्रभूनं आठवडाभर शंका घेऊन राहू दिलं, हाकलून नाही दिलं.

मित्रांबद्दल फार बोलत नाही. तरुण संघातली आठ-दहा मुलं पुरत नाहीत, एवढंच. सोसायटीतलं क्रिकेट, सिंहगडाची चढण, वाचनालय, कोपऱ्यावरचा वडापाव, सगळ्या धर्मांची सगळ्या जातींची पोरं, हे त्यांना मिळालंच पाहिजे. ज्या शहरात त्यांना राहायचंय ते शहर त्यांच्या ओळखीचं हवं. मोबाईलचंही एकच सांगते. रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुझा आणि नवऱ्याचा धरून. तुमचे दोघांचे आत राहिले तर हा नियम दोन दिवसही टिकणार नाही.

आणि आता तू. गणित नवऱ्याकडे दे, पूर्ण. संध्याकाळी दमून येतो म्हणतेस तर शनिवार-रविवार मिळून दोन तास घेऊ दे, पण गणित बापाचं. पंधरा वर्षांच्या मुलाला कुकर लावता येतो, भाजी फोडणीला घालता येते, आणि भाकरी थापायलाही शिकव. गृहविज्ञान काय ते हेच. पोळ्यांना मावशी लाव आणि त्याची लाज बाळगू नकोस. तेवढे पैसे क्लासच्या एका फीत वाचतात, कारण दोनपैकी एक क्लास पोरांना नकोच आहे, तू विचारून बघ. आठवड्यातली एक दुपार कुणालाच न देता तुझी ठेव. त्या दुपारी कपाटं आवरायची नाहीत.

नाही म्हणायलाही शीक. मंडळाचं चिटणीसपद, संडे स्कूलचा मोठा वर्ग, पाहुण्या वक्त्यांचं जेवण, नाताळचं नाटक, या चारांतलं या वर्षी एकच घे. देवाचं काम आहे म्हणून सगळं अंगावर ओढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मुलांना देऊळ म्हणजे आईला दमवणारी जागा वाटायला लागलेली पाहिली आहे. तुझ्या मुलांना तसं वाटायला नको.

तर बघ, येत्या शनिवारी दुपारी मोठ्याला घेऊन माझ्याकडे ये. एनआयओएसची विषयांची यादी घेऊन ये, जुना दाखला आण. तो आणि मी मिळून त्याचं वर्ष कागदावर मांडू, तू तोवर आत जाऊन झोप. आणि नाटकाचं पाळकबाईंशी मी बोलते. या वर्षी ते दुसरं कुणीतरी बसवेल.